चाकू, ॲसिड, सूप... मग सगळीच चित्रं काचेआड ठेवायची का?

टीपकागद
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. मी ॲमस्टरडॅमजवळ राहते. मध्यंतरी आईबाबा आले होते, त्यांना राइक्सम्युझियमला घेऊन गेले. बाबांना रेम्ब्राँटचं 'नाइट वॉच' बघायचंच होतं. शाळेत चित्रकलेच्या सरांनी एका जुन्या कॅलेंडरवरचं दाखवलेलं, ते पन्नास वर्षं त्यांच्या मनात बसलेलं. पोचलो तर चित्र काचेच्या खोलीत. आत दोघीजणी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या आणि आपण बाहेर. बाबा पाच मिनिटं गप्प, मग हळूच म्हणाले, "अगं, हे तर आयसीयूत ठेवलंय."

एका अर्थी खरंच आहे ते. २०१९ पासून तिथे लोकांसमोरच चित्राचा अभ्यास आणि दुरुस्ती चाललीय, त्यामुळे ती काचेची खोली कामापुरती आहे. पण तिथे उभं राहून मी त्यांना ह्या चित्रावरचे हल्ले सांगितले. १९११ मध्ये एकाने चाकू चालवला. १४ सप्टेंबर १९७५ ला एक बेकार शिक्षक पाव कापायचा चाकू घेऊन आला आणि मधल्या दोघांच्या अंगावर नागमोडी वार केले. का, तर देवासाठी. १९९० मध्ये तिसऱ्याने ॲसिड फवारलं. आई म्हणाली, "तीन वेळा झालं आणि तरी उघडं ठेवलं?" बाबा म्हणाले, "उघडं ठेवलं म्हणून तर लोक चित्र बघायला येतात, काच बघायला कोण येईल." त्यावरून ट्राममध्ये दोघांची जुंपली ती घरी येईपर्यंत.

तर प्रश्न असा, की लोकांच्या मालकीची ही चित्रं काचेआड ठेवावीत का? मला स्वतःला ठरवता येत नाहीये. तुम्ही कुठे काय बघितलंत तेही लिहा.

वऱ्हाडी_ठेचा
बाबा भारी आहेत. आयसीयू!!
माझं मत काच लावाच. गेलेलं चित्र वापस येत नाही बाप्पा.

सोनचाफा
छान विषय. मी लंडनला बारा वर्षं आहे. नॅशनल गॅलरीत फुकट जाता येतं, त्यामुळे कितीतरी वेळा डबा खाऊन अर्धा तास आत फिरून येते. तिथलं वेलाझ्केझचं 'रोकबी व्हीनस' माहितीय का? पाठमोरी पहुडलेली व्हीनस आणि समोर आरसा. १९०६ मध्ये वर्गणी काढून ४५,००० पौंडांना घेतलेलं चित्र. १० मार्च १९१४ ला मेरी रिचर्डसन नावाची बाई बाहीत खाटकाचा सुरा लपवून आत शिरली आणि त्या पाठीवर वार केले. ती बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतली. आदल्या दिवशी त्यांच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्टना अटक झालेली, त्याचा निषेध. तिने नंतर लिहिलंय की पहिल्या घावाला काच फुटली तेव्हा तिथला पहारेकरी उठून छताकडे बघायला लागला, त्याला वाटलं वरची काच तडकली!

म्हणजे @टीपकागद, त्या चित्राला १९१४ मध्येही काच होती. नुसत्या काचेने काय होतंय.

आणि ६ नोव्हेंबर २०२३ ला त्याच चित्राच्या काचेवर खनिज तेलविरोधी आंदोलनवाल्या दोघांनी हातोडे मारले. मी त्याच आठवड्यात गेले होते, भिंतीवर ती जागा मोकळी होती. खूप वाईट वाटलं. घरातलं माणूस दवाखान्यात असलं की रिकामी खुर्ची दिसते ना तसं.

नाखवा
सूपवाल्यांचा मला भयंकर राग येतो. व्हॅन गॉगने तुमचं काय घोडं मारलंय? आयुष्यभर त्याची चित्रं फारशी खपली नाहीत आणि आता खपतायत तर त्यावर टोमॅटो सूप.

खडूफळा
मी सातारा जिल्ह्यात चित्रकला शिक्षक आहे, बावीस वर्षं झाली. काचेबद्दल माझा अनुभव सांगतो. आम्ही दरवर्षी मुलांना औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात नेतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, यमाईच्या डोंगरावर. रविवर्म्याची 'सैरंध्री' आहे तिथे. आमची मुलं रोज मोबाइलवर हजार चित्रं बघतात पण तिथे गेल्यावर एकदम शांत होतात. पदराच्या काठावर रंगाचा जो जाडसर ठिपका असतो ना, उजेड बाजूने आला की तो उठून दिसतो, तो छापील चित्रात कधीच कळत नाही. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, "सर, रंग अजून ओला आहे का?" आणि हात पुढे गेलाच तिचा. मी धरला. पण मला तिचा राग नाही आला. हात पुढे जावा इतकं ते जिवंत दिसतंय, हे त्या मुलीला कळलं होतं.

आता मी सहलीच्या आधी वर्गात एक जुना कॅनव्हास फिरवतो, त्यावर मीच जाड रंग, पातळ रंग, वार्निश असे पट्टे मारलेत. काय हात लावायचा तो इथे लावा म्हणतो, आणि तिथे गेल्यावर हात मागे. त्या दिवसापासून एकाही मुलाचा हात पुढे गेला नाही.

तेव्हा माझं मत बाबांच्या बाजूने. काच नको, माणूस ठेवा. आणि आधी शिकवा.

मुक्ताई
खडूफळा सर, पट्ट्यांचा कॅनव्हास फार आवडला. माझ्या लेकीच्या शाळेत सांगते.

ओलाकुंचला
उशिरा येतेय धाग्यावर. मी जेजेतून शिकले आणि गेली बरीच वर्षं तैलचित्रांच्या रिस्टोरेशनचं काम करते, त्यामुळे जरा लांब लिहीन, सांभाळून घ्या.

सगळे काचेबद्दल बोलतायत पण चित्राची पहिली ढाल काच नसते, वार्निश असतं. तैलचित्र म्हणजे कापड, त्यावर अस्तर (रंग नीट बसावा म्हणून दिलेला पहिला थर), त्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर पारदर्शक वार्निशचा थर. वार्निश हा चित्राचा रेनकोट समजा. खराब झाला तर काढून नवा चढवता येतो. 'नाइट वॉच'वर १९११ मध्ये चाकू चालला तो जाड कडक वार्निशमुळे आत गेलाच नाही. १९९० ला ॲसिड पडलं तेव्हा पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं आणि ॲसिड वार्निशपाशीच थांबलं, रंगापर्यंत गेलं नाही. पिकासोचं 'गेर्निका' १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात होतं, एकाने त्यावर लाल स्प्रेने मोठ्या अक्षरांत लिहिलं. वार्निश होतं म्हणून ते पुसून निघालं, आज काही दिसत नाही.

आता उलटं उदाहरण. रॉथ्को ह्या चित्रकाराचं 'ब्लॅक ऑन मरून', लंडनचं टेट मॉडर्न संग्रहालय, ७ ऑक्टोबर २०१२. एक माणूस मार्करने कोपऱ्यात काहीतरी लिहून निघून गेला. चित्रावर वार्निश नाही. रॉथ्को तैलरंगात अंडं, डिंक, राळ असलं काय काय मिसळून पातळ पातळ थर द्यायचा. शाई त्या थरांतून झिरपत आत गेली, काही ठिकाणी ओघळलीसुद्धा. आता करायचं काय? शाई विरघळवणारं सॉल्व्हंट लावलं तर खालचा रंगही विरघळणार. रॉथ्कोच्या कुटुंबाने त्याने स्वतः त्याच काळात अस्तर लावून ठेवलेला कॅनव्हास दिला, त्यावर तशीच शाई लावून महिनोन्महिने वेगवेगळी सॉल्व्हंटं तपासली. शेवटी दोन द्रावणांचं मिश्रण जमलं, आणि मग मूळ चित्रावर मायक्रोस्कोपखाली इंच इंच काम. चित्र परत भिंतीवर लागलं मे २०१४ मध्ये. लिहायला त्या माणसाला एक मिनिटही लागलं नसेल.

(खडूफळा सर, तुमचा पट्ट्यांचा कॅनव्हास आणि तो रॉथ्कोचा कॅनव्हास एकाच कामाचे आहेत बघा.)

बाकी काचेबद्दल नंतर लिहिते, जेवायला बोलावतायत.

वऱ्हाडी_ठेचा
बापरे. मी समजत होतो पुसायचं म्हणजे थिनर घ्यायचं न पुसायचं. 

टीपकागद
@ओलाकुंचला, हे वाचून त्या दोघीजणी आत काय करत होत्या ते आत्ता कळलं मला! तिथल्या फलकावर लिहिलं होतं की १९७५-७६ च्या दुरुस्तीत चढवलेलं वार्निश आता काढतायत. सॉल्व्हंटने किंचित ओला केलेला टिश्यू चित्रावर ठेवतात, वार्निश त्यात ओढलं जातं, उरलेलं कापसाच्या बोळ्याने. बाबा त्या बोळ्याकडेच बघत बसले होते.

आणि एक, १९७५ च्या वारांच्या खुणा नीट बघितलं तर अजून दिसतात म्हणे. मी शोधल्या, मला नाही सापडल्या.

अक्का_कोल्हापूरकर
मला एक कळत न्हाई. इतक्या लांबनं तिकीट काढून, रांगेत उभं ऱ्हाऊन माणूस जातोय आणि चाकू काढतोय. चित्र आवडत नसंल तर घरी बस की बाबा.

निळासावळा
अक्का, आवडत नाही म्हणून नाही करत बहुतेक वेळा. प्रसिद्ध चित्रच निवडतात, कारण हल्ला करणाऱ्याला ते चित्र नकोच असतं, त्यावर पडलेल्या लोकांच्या नजरा हव्या असतात. लेनिनग्राडला, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गला, हर्मिटाज संग्रहालयात १५ जून १९८५ ला एकजण आला आणि त्याने चक्क विचारलं की ह्या दालनातलं सगळ्यात मौल्यवान चित्र कुठलं. दाखवलं. रेम्ब्राँटचंच 'दनाए'. त्याने चाकूने भोसकलं आणि सल्फ्युरिक ॲसिड ओतलं.

ह्यावरून मला वाटतं की ह्या लोकांची नावं छापूच नयेत. प्राचीन ग्रीकांकडे एकाने नाव व्हावं म्हणून एफिससचं आर्टेमिसचं देऊळ जाळलं होतं, तिथल्या लोकांनी त्याचं नाव घ्यायला बंदी केली. 

मुक्ताई
पण ते नाव राहिलंच ना शेवटी, गुगल केलं की लगेच सापडतं. हिरॉस्ट्रेटस.

निळासावळा
हो राहिलं. तरी निदान आपण ह्या धाग्यावर घेऊ नये असं सुचवतो.

सोनचाफा
मी वर मेरी रिचर्डसनचं घेतलंय आणि ते काढणार नाही. तिचं वेगळं आहे. ती नाव करायला गेली नव्हती, सहा महिन्यांची शिक्षा होणार हे माहिती असून गेली. बायकांना मत नव्हतं, तुरुंगात उपोषण केलं तर नळीने जबरदस्ती अन्न घालत होते. ती म्हणाली, चित्रातल्या सुंदर बाईसाठी तुम्ही हळहळता आणि जिवंत बाईला मारताय त्याचं काही नाही. हा प्रश्न मला अजून सोडत नाही. देवासाठी चाकू मारणारा आणि ही, दोघांना एका पंगतीत नका बसवू.

नाखवा
सोनचाफा, चित्राला काय माहीत कोणाचा चाकू कशासाठी आहे? कापड फाटायचं ते फाटतंच. आणि तीच बाई पुढे तीसच्या दशकात ब्रिटनमधल्या फॅसिस्ट पक्षात गेली, हेही लिहा की. 

सोनचाफा
गेली, खरं आहे. पुढे तिने असंही सांगितलं की पुरुष दिवसभर त्या चित्रासमोर टक लावून उभे राहायचे ते तिला आवडत नव्हतं. माणूस सरळ रेषेत नसतो. मी तिला देवी म्हणत नाहीये. मला ते चित्र जिवापाड आवडतं आणि तरी तिचा प्रश्न मला फेकून देता येत नाही, एवढंच म्हणतेय. हल्ल्यानंतर पहिली झळ बायकांनाच बसली, काही संग्रहालयांनी बायकांच्या प्रवेशावर बंधनं घातली.

मुक्ताई
असंच एक टोकियोचं. १९७४ मध्ये मोनालिसा जपानला नेली होती. गर्दी फार म्हणून अपंगांना प्रवेश नाकारला होता, त्याच्या निषेधात एका बाईने लाल रंगाचा फवारा मारला. रंग काचेवर पडला, चित्राला काही झालं नाही. ह्यात मला सांगा कोण बरोबर? माझा भाऊ व्हीलचेअरवर असतो. त्याच्याबरोबर किती ठिकाणी पायऱ्यांशी उभं राहून परत आलोय आम्ही. मी रंग नसता मारला. पण त्या बाईला मी शिव्या नाही देऊ शकत.

नाखवा
मुक्ताई, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागे घेतो असं नाही म्हणत, पण विचार करतोय.

पाटीलबुवा
सगळी परदेशातली उदाहरणं चाललीत. आपल्याकडचं बघा की. अजिंठ्याला १० नंबरच्या लेणीत त्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवलीय. ज्या दिवशी लेणी जगाला परत सापडली म्हणून आपण सांगतो त्याच दिवशी त्यावर पहिला ओरखडा! मी औरंगाबादला नोकरीला होतो, पाहुणे आले की अजिंठा ठरलेलं. गाइड त्या नावावर टॉर्च मारतो आणि लोक बुद्धापेक्षा त्या नावाचे फोटो जास्त काढतात. निळासावळा म्हणतात ते पटतं मला. पण तिथे तर नाव पुसताही येत नाही, पुसायला गेलं तर उरलेलं चित्रही जायचं.

खडूफळा
पाटीलबुवा, बरोबर. आणि त्याच्यानंतर आपल्या लोकांनीही कमी नावं नाही कोरली जागोजागी. 'अमुक प्रेम तमुक' नाही असा किल्ला दाखवा.

ओलाकुंचला
अजिंठ्याचं निघालंच आहे तर. नासधूस करायला दरवेळी शत्रूच लागतो असं नाही. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रं पक्की करून घेतली. त्यांनी रंगाचे सुटलेले पोपडे बसवले ते चांगलंच केलं, पण वरून शेलॅक म्हणजे लाखेचं वार्निश दिलं. ते पुढे पिवळं तपकिरी पडलं, तडकलं, आणि पुरातत्त्व खात्याला ते काढण्यात पुढे कित्येक वर्षं घालवावी लागली. त्याच्या आधी मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स आपल्याच विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ मध्ये नकला करत होते. हंगामामागून हंगाम त्या लेण्यांत. त्यांतल्या शंभराहून जास्त नकला १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या. ती मुलं आमच्याच कॉलेजची. दिवसभर अंधारात बसून केलेलं काम असं जावं हे मला आजही सहन होत नाही.

निळासावळा
आपल्याकडचं म्हणाल तर चित्रकार एम. एफ. हुसेनही आलेच. माणूस मूळ पंढरपूरचा. १९९६ मध्ये अहमदाबादच्या गॅलरीत घुसून त्यांची चित्रं फोडली जाळली, पुढे मुंबईत घरावर हल्ला, शेवटी देश सोडला आणि २०११ मध्ये लंडनला वारले.

नाखवा
त्यात लोकांच्या श्रद्धा दुखावल्या होत्या, ते विसरून कसं चालेल. सगळं एकतर्फी नको.

निळासावळा
दुखावल्या असतील, त्याला कोर्ट होतं आणि कोर्टात खटले चाललेही. २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केले. जाळणं कशात बसतं? तुम्हीच वर म्हणालात, कापडाला काय माहीत चाकू कशासाठी आहे.

अक्का_कोल्हापूरकर
ए पोरांनो, हितनं पुढं भांडायचं असंल तर नवा धागा काढा. मला काचेचं ऐकायचंय. ती कुंचलावाली जेवाय गेली ती काचेचं सांगायचं विसरलीच.

ओलाकुंचला
अक्का, आलेच!

काच लावावी असं मला बऱ्याच चित्रांच्या बाबतीत वाटतं. आत्ताची काच जुन्यासारखी नाही, चकाकी अगदी कमी, समोर उभं राहिलं तर कित्येकदा काच आहे हे कळतही नाही. शिवाय धूळ, लोकांचा श्वास, अतिनील किरण ह्यांपासूनही वाचवते. १४ ऑक्टोबर २०२२ ला व्हॅन गॉगच्या 'सनफ्लॉवर्स'वर सूप पडलं तेव्हा चित्र वाचलं ते काचेमुळेच. पण फ्रेमचं काय? ती सतराव्या शतकातली इटालियन फ्रेम होती, तिचं नुकसान झालं. फ्रेम कोणी मोजतच नाही. त्या वर्षी असे प्रकार इतके झाले, पॉट्सडॅमला मोनेच्या चित्रावर बटाट्याचा लगदा, हेगला 'मोत्याच्या डुलवाल्या मुली'च्या काचेला एकाने स्वतःचं डोकं चिकटवलं, की नोव्हेंबरमध्ये ९२ संग्रहालयांच्या संचालकांनी मिळून पत्रक काढलं की ह्या वस्तू किती नाजूक असतात ते आंदोलन करणाऱ्यांना कळलेलं नाही. माझा राग तिथे आहे. "काच होतीच की" म्हणतात. अहो, पातळ द्रव फ्रेमच्या फटीतून मागे ओघळतो. खालच्या कडेला साचतो. कापड ते शोषून घेतं.

आणि काच स्वतःच घात करू शकते. लिओनार्दोचं कोळसा आणि खडूने काढलेलं मोठं रेखाटन आहे नॅशनल गॅलरीत, आठ कागद जोडून केलेलं. १९८७ मध्ये एकाने बंदूक आणून त्यावर गोळी झाडली. छर्रे काच भेदून आत गेले नाहीत. पण काचेचा आतल्या बाजूने चुरा झाला आणि तो चित्रातल्या मेरीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, छातीपाशी कागदात घुसला. मग ते बारीक बारीक कागदाचे तुकडे चिमट्याने उचलून जागेवर बसवत बसले, वर्षाहून जास्त काम चाललं.

इंजिनिअर_नगरचा
काचेत मीही भर टाकतो. 'नाइट वॉच' साधारण ३.८ मीटर गुणिले ४.५ मीटर आहे, म्हणजे १७ चौरस मीटर. काचेचं वजन एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे २.५ किलो. १० मिलिमीटरची काच धरली तरी सव्वाचारशे किलो नुसती काच झाली. ती पुसायची कशी, हलवायची कशी, आणि आग लागली तर चित्र बाहेर काढायचं कसं? मोठ्या चित्रांना काच हा सोपा उपाय नाहीच. बाबांना सांगा इंजिनिअर तुमच्या बाजूने आहे.

टीपकागद
बाबांना वाचून दाखवलं फोनवर, खूश झाले. आई म्हणाली त्या इंजिनिअरला विचार, त्याच्या घरातल्या शोकेसला काच का आहे मग.

इंजिनिअर_नगरचा
आईंपुढे हात टेकले. 

वऱ्हाडी_ठेचा
पण माणूस ठेवा म्हणता सर, त्या माणसाचा काय भरवसा? रशियात येकातेरिनबर्गला २०२१ च्या डिसेंबरात पहारेकऱ्यानेच चित्रातल्या बिनचेहऱ्याच्या माणसांना बॉलपेनने डोळे काढले होते. 'थ्री फिगर्स' की काय नाव होतं.

खडूफळा
वाचलंय मी ते. पण एक विचार करा, दिवसभर खुर्चीवर त्या चेहऱ्यांसमोर एकटं बसायचं, ते काय आहे ते कोणी त्याला सांगितलं असेल का? मी आमच्या मुलांना घेऊन गेलो की तिथल्या पहारेकरी मामांनाही चित्राची गोष्ट ऐकायला बोलावतो. एक मामा तर आता मुलांना स्वतः सांगतात, हे बघा पदर बघा म्हणून. त्या मामांसमोरून कोणी चित्राला हात लावून दाखवावा.

मुक्ताई
आणि आता तर चाकूही लागत नाही, सेल्फी पुरतो. २०२५ च्या जूनमध्ये फ्लॉरेन्सच्या उफिझीत एक पर्यटक फोटोसाठी मागे मागे सरकत गेला तो थेट मेदिची घराण्यातल्या एकाच्या जुन्या पोर्ट्रेटवर टेकला, कॅनव्हासला भोक. आणि त्याच वर्षी रॉटरडॅमला लहान मुलाने रॉथ्कोला ओरखडे काढले.

अक्का_कोल्हापूरकर
पोराचं मी माफ करीन. सेल्फीवाल्याला न्हाई.

पाटीलबुवा
ओलाकुंचला ताई, एक विचारू का, अवांतर आहे. ते 'दनाए'चं पुढे काय झालं? निळासावळांनी अर्धंच सोडलं.

ओलाकुंचला
हे सांगताना आजही माझ्या पोटात गोळा येतो. ॲसिडने रंग विरघळून खाली ओघळायला लागले. चेहरा, केस, उजवा हात, पाय, चित्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तिथल्या लोकांनी केमिस्टना विचारून चित्र उभंच ठेवलं आणि तोंडाने, हाताने जसं जमेल तसं पाणी फवारत राहिले, ॲसिड निघून जाईपर्यंत. आडवं केलं असतं तर ते सगळीकडे पसरलं असतं. त्यानंतर १२ वर्षं काम. १९९७ मध्ये परत लावलं, आता जाड काचेआड आहे.

आमच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न तिथे होता. गेलेला भाग पुन्हा रंगवायचा का? रंगवला तर तो रेम्ब्राँट नाही, आपण. न रंगवावा तर चित्र विद्रूप. त्यांनी मधला मार्ग घेतला, जखमा नजरेला टोचू नयेत इतपत रंग मिळवला पण हरवलेलं हरवलंय हे लपवलं नाही. मी असते तरी तेच केलं असतं. आमच्या कामात स्वतःचा हात दिसू न देणं पहिलं येतं. आपण लावलेला प्रत्येक ठिपका पुढच्या माणसाला काढता आला पाहिजे.

पाटीलबुवा
धन्यवाद. दोनदा वाचलं.
मग धीर करून विचारतोच. आमच्या गावच्या घरी पणजोबांचं तैलचित्र आहे, ओटीवर, १९३० च्या आसपासचं. चेहऱ्यावर काळपट थर आलाय. लहानपणी दर दिवाळीला घरातलं कोणीतरी रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं आणि चित्र चकाकायचं, आम्हा पोरांना वाटायचं पणजोबांनी अभ्यंगस्नान केलं. आता गेलो होतो तर उजव्या मिशीचा रंगच नाही, खालचं कापड दिसतंय. कोणाला दोष देऊ, प्रेमाने पुसलंय सगळ्यांनी. ह्याचं काही होऊ शकतं का? आईचा आग्रह आहे की रंगवून घ्या.

ओलाकुंचला
होऊ शकतं, नक्की होऊ शकतं. पण कृपा करून कोणाकडून रंगवून घेऊ नका आणि आजपासून रॉकेल, बटाटा, कांदा, ओलं फडकं काही लावू नका. काळा थर बहुतेक ओटीवरचा धूर आणि जुनं वार्निश असेल, ते निघेल. मिशीचं बघून सांगावं लागेल, आजूबाजूला मूळ रंगाचे कण उरले असतील तर त्यावरून खूप काही करता येतं. ओल असलेल्या भिंतीवर असेल तर आधी तिथून काढा, भिंत आणि चित्रात हवा खेळायला बोटभर जागा हवी. मला पुढून एक, बाजूने टॉर्च मारून एक, आणि मुख्य म्हणजे मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पाठीमागे चित्रकाराची सही, तारीख, दुकानाचा शिक्का असं काही असतं कित्येकदा.

टीपकागद
पाटीलबुवा, फोटो इथेही टाका ना, आम्हालाही बघायचंय.

तोवर माझ्या प्रश्नाचं. आईबाबा परत जायच्या आधी आम्ही पुन्हा एकदा गेलो, ह्या वेळी हा धागा वाचून. बाबा काचेला नाक लावून उभे राहिले आणि मधल्या काळ्या कपड्यातल्या कॅप्टनच्या मांडीपाशी वाराच्या खुणा शोधत बसले. अर्धा तास. तिथली पहारेकरी बाई जवळ आली, मला वाटलं आता ओरडणार. तिने विचारलं काय शोधताय. मी सांगितलं. तर तिने हाताने हवेत दाखवलं, इथून अशी, मग अशी. बाबांना दिसली. मला अजूनही दिसली नाही. आई आपली त्या सोनेरी कपड्यातल्या छोट्या मुलीकडे बघत होती, तिच्या कमरेला कोंबडी लटकवलीय ती पहिल्या वेळी कोणालाच दिसली नव्हती.

काचेवर दोघांचं अजून एकमत नाहीये.

पाटीलबुवा
शनिवारी गावी जातोय. एकट्याने उतरवायचं नाही, चुलतभावाला बोलावलंय. मागचा फोटो काढून टाकतो.